तरंगत्या शहराच्या बुडाखाली कोण जाणार?

दर्याकाठ
शुक्रवार, रात्री १०:४०

माझी भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात तिने एक चित्र पाठवलं. निळं शांत पाणी, त्यावर तीन बेटं, बेटांवर चार-पाच मजली घरं, गच्च्यांवर सौर पॅनेल, कडेने झाडं आणि किनाऱ्याकडे जाणारे पूल. खाली प्रश्न: "मामा, आपल्याकडे असं का नाही करत? मुंबई बुडणार म्हणतात ना, मग तरंगायला काय हरकत आहे?"

फोनवर उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की हे दोन वाक्यांत संपणारं नाही. म्हणून इथे लिहितोय. जाणकारांनी भर घालावी.

चित्र दक्षिण कोरियातल्या बुसानचं आहे. 'ओशनिक्स बुसान' हा प्रकल्प बुसान महापालिका, संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था आणि ओशनिक्स नावाची कंपनी यांचा. आराखडा एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत दाखवला गेला. तो काढलाय डेन्मार्कचे वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स यांच्या कंपनीने, कोरियातल्या सामू या कंपनीबरोबर. सुरुवातीला सुमारे ६.३ हेक्टर जागा आणि रहिवासी व पाहुणे धरून १२,००० माणसं. मला या कल्पनेतली एक गोष्ट मनापासून पटते. समुद्रात भराव टाकला की तिथला तळ कायमचा मरतो, पाण्याची वाट बदलते. तरंगती वस्ती पाणी चढलं की चढते, उतरलं की उतरते, आणि उद्या नको झाली तर ओढून नेता येते. विचार चांगलाच आहे.

आता माझी बाजू. मी बावीस वर्षं समुद्रातल्या बार्ज (सपाट बुडाच्या, ओढून न्यायच्या मोठ्या नावा) आणि पोलादी सांगाड्यांच्या तपासणी-दुरुस्तीत काढली. मुंबईच्या पश्चिमेला आम्ही एका निवासी बार्जवर होतो. निवासी म्हणजे तिच्यावर माणसं राहतात. खोल्या, मेस, दवाखाना, सगळं. एका संध्याकाळी मेसमध्ये बसलेलो असताना आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दाभोळकडचा म्हातारा माणूस, टेबलावरच्या सांडलेल्या चहाकडे बघत म्हणाला, "साहेब, चहा आज डावीकडेच चाललाय." बार्ज डोलते तेव्हा चहा दोन्हीकडे जातो. हा एकाच बाजूला जात होता.

आम्ही बॅटऱ्या घेऊन खाली उतरलो. डावीकडच्या एका रिकाम्या टाकीच्या मॅनहोलचं गास्केट (झाकणाखालची रबरी पट्टी) वाळून बिस्किटासारखं झालेलं. बोट लावलं तर तुकडा हातात आला. डेकवर येणारं लाटांचं पाणी तिथून करंगळीएवढ्या धारेने आत उतरत होतं, किती दिवसांपासून कोण जाणे. टाकीत मांडीपर्यंत पाणी. पंप लावले, रात्रभर उपसलं, सकाळी बार्ज सरळ झाली. ते गास्केट बदलायची मागणी तीन महिन्यांपूर्वी लिहून दिलेली होती. कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होता.

हे सांगण्याचं कारण असं की तरंगणारी कुठलीही मोठी वस्तू म्हणजे शेकडो रिकाम्या पेट्या. त्या रिकाम्या आहेत म्हणून ती तरंगते. जमिनीवरच्या सोसायटीत गळती झाली की भिंतीला ओल येते आणि सभासद वर्षभर भांडतात. इथे गळती झाली की इमारत कलते.

माझी गोष्ट लहान आहे. अमेरिकेत सिएटलजवळ लेक वॉशिंग्टनवर काँक्रीटच्या पोंटूनांवर, म्हणजे पोकळ पेट्यांवर, तरंगणारा रस्त्याचा पूल होता. नोव्हेंबर १९९० मध्ये दुरुस्ती चालू असताना पोंटूनांच्या पोटात कामाचं पाणी साठवलेलं होतं, आत जायच्या वाटा उघड्या होत्या, आणि त्यात वादळ आलं. पेट्या एकामागून एक भरल्या आणि जुन्या पुलाचा मोठा भाग तळाला गेला. वाहतूक बंद होती म्हणून माणसं वाचली. त्याच तलावावर २०१६ मध्ये दोन किलोमीटरहून लांब नवा तरंगता पूल उभा राहिला आणि रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. म्हणजे विद्या आहे. प्रश्न रोजच्या निगराणीचा आहे.

दुसरं, वजन. एक चौरस मीटरचा पोंटून एक मीटर पाण्यात गेला की साधारण एक टन उचलतो. आपली नेहमीची आरसीसी इमारत दर मजल्याला चौरस मीटरमागे टनभर तरी भार टाकते. पाच मजल्यांचे पाच-सहा टन, वर पोंटूनचं स्वतःचं वजन. म्हणजे बूड सात-आठ मीटर पाण्याखाली हवं. म्हणून असे सगळे आराखडे लाकूड, बांबू, हलक्या भिंती आणि कमी मजले यांच्याकडे वळतात. भाचीच्या चित्रातली घरं बुटकी आहेत त्यामागे हा हिशेब आहे, नुसती आवड नाही.

आणि लाट. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. एक मीटरची लाट तीन मीटर झाली की मारा नऊपट होतो. बुसानची जागा बंदराच्या आत, आडोशाला आहे. आपल्या इथे बॉम्बे हाय या तेलक्षेत्राच्या पाण्यात १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात 'पी-३०५' ही निवासी बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ती बार्ज आणि 'वरप्रदा' हा टग (ओढून नेणारी बोट) मिळून ८६ जण गेले. त्या क्षेत्रात काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'खुल्या समुद्रात तरंगतं शहर' हे शब्द वाचले की आधी तो दिवस आठवतो.

माझं मत सांगून थांबतो. आडोशाच्या पाण्यात, किनाऱ्याला धरून, तरंगती वस्ती जमेल. खुल्या समुद्रातलं शहर मला पटत नाही. तुमचं काय?


रानवारा
शुक्रवार, रात्री ११:१५

अप्रतिम लिहिलंय. चहाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. एक शंका: आजवर कुणीच मोठं काही तरंगतं बांधून पाहिलं नाही का? जपान्यांनी तरी नक्की केलं असणार.


दर्याकाठ
शुक्रवार, रात्री ११:५०

केलं, आणि दोनदा केलं.

१९७५ मध्ये ओकिनावाला समुद्र या विषयावरच जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी कियोनोरी किकुताके या वास्तुरचनाकाराने 'अ‍ॅक्वापोलिस' बांधलं, १०० मीटर गुणिले १०० मीटरचा पोलादी तरंगता चौक. हिरोशिमाच्या गोदीत तयार झाला आणि समुद्रातून ओढत नेला. तो मनुष्य १९५०च्या दशकापासून समुद्रावरच्या शहरांची चित्रं काढत होता. हे त्यातलं प्रत्यक्षात उतरलेलं. तेलाच्या रिगसारखं अर्धं पाण्याखाली, म्हणजे लाटांचा त्रास कमी. प्रदर्शन संपल्यावर काही वर्षं लोक बघायला येत राहिले, १९९३ मध्ये दारं बंद झाली आणि २००० मध्ये ते भंगारात तोडायला शांघायला ओढून नेलं. पंचवीस वर्षं उभं राहिलं, हे मी त्याच्या बाजूने मोजतो. पण ज्याच्यात कुणी कायमचं राहत नाही त्याचा रंग काढायचा खर्च कुणालाच आपला वाटत नाही.

दुसरं 'मेगा-फ्लोट'. योकोसुकाजवळ एक किलोमीटर लांबीची, फक्त तीन मीटर जाडीची तरंगती धावपट्टी. १९९९-२००० च्या सुमारास तिच्यावर खरोखर विमानं उतरवली. इतकी लांब आणि पातळ वस्तू बोटीसारखी हेलकावत नाही, पाण्यावर टाकलेल्या चटईसारखी लाटेबरोबर किंचित वाकते. तांत्रिक चाचण्या उत्तम झाल्या. तरी टोकियोच्या हानेदा विमानतळाची चौथी धावपट्टी बांधायची वेळ आली तेव्हा निवड झाली भराव आणि खांबांची. ती २०१० मध्ये सुरू झाली. तरंगता पर्याय मागे पडला.

पण ऐका. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीत दूषित पाणी साठवायला जागा उरली नाही, तेव्हा शिझुओका शहराकडचा असाच एक मेगा-फ्लोट, जिथे लोक गळ टाकून मासे पकडायला बसायचे, तो ओढून तिथे नेला आणि टाकी म्हणून वापरला. तरंगत्या वस्तूचा खरा गुण मला तिथे दिसला. गरज असेल तिथे ती जाते.


मैत्रेयी_अ‍ॅमस्टरडॅम
शनिवार, पहाटे २:०५

दर्याकाठ, तुमच्या 'आडोशाच्या पाण्यात जमेल'ला माझ्या डोळ्यांनी बघितलेला पुरावा देते.

इथे अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तर भागात 'स्खोनस्खिप' नावाची वसाहत आहे. ३० तरंगते पाट, त्यांवर ४६ कुटुंबं, एका जुन्या कालव्यात. पाचशेच्या आसपास सौर पॅनेल, कालव्याच्या पाण्यातून उष्णता घेणारे पंप, आणि सगळ्या घरांना मिळून विजेच्या जाळ्याला एकच जोडणी; आपापसांत वीज देतात-घेतात. २०२१ मध्ये पूर्ण झाली, पण कल्पना निघाल्यापासून दहा वर्षांहून जास्त गेली. त्यातली बरीचशी परवानग्यांत आणि बँकांना समजावण्यात.

माझी एक सहकारी शहराच्या पूर्वेला, दुसऱ्या तरंगत्या वस्तीत राहते. तिच्याकडे जेवायला गेले होते. घर म्हणजे काँक्रीटचा टब, त्याचा अर्धा मजला पाण्याखाली. झोपायच्या खोल्या तिथे, खिडकीच्या कडेला पाण्याची रेघ. घर दोन पोलादी खांबांना कड्यांनी अडकवलेलं, पाणी वरखाली झालं की कड्या सरकतात. तिने नव्याने पुस्तकांचं कपाट घेतलं होतं, भिंतभर. ते लावल्यापासून घर त्या बाजूला कललं होतं. किती? तिच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर गोटी ठेवली आणि ती हळूहळू माझ्या ताटापर्यंत आली. नंतर त्यांनी विरुद्ध बाजूला खाली वजनाच्या पिशव्या ठेवून घर सरळ केलं. तुमच्या सारंगाचा चहा वाचला आणि ती गोटी आठवली.

एक मात्र सांगते. इथे भरती-ओहोटी नाही. कालव्याचं पाणी माणसांनी बांधून ठेवलेलं आहे, त्याची पातळी सेंटीमीटरमध्ये सांभाळतात. मास नदीकाठी मासबोमेल गावात पूर आला की तरंगणारी घरं आहेत, तीही नदीत. डच लोक पाण्याबरोबर राहतात असं कौतुक आपण करतो, पण त्यांनी घरं तरंगवलीत ती आधी पाणी वठणीवर आणून. उत्तर समुद्रात घर तरंगवायला त्यांच्यातलाही कुणी गेलेला नाही.


वहिवाट
शनिवार, सकाळी ९:३०

पेशाने वकील, सागरी कायदा हा आवडीचा विषय, म्हणून थोडं.

खुल्या समुद्रातल्या शहरांचं स्वप्न बघणारा एक गट अमेरिकेत आहे. २००८ मध्ये त्यांनी 'सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट' स्थापन केली, पेपाल कंपनीच्या संस्थापकांपैकी पीटर थील यांनी तिला पैसे दिले. त्यांचा हेतू घरांच्या टंचाईपेक्षा वेगळा: कुठल्याही सरकारच्या हाताबाहेर नवी राज्यव्यवस्था उभी करायची. २०१७ मध्ये त्यांनी फ्रेंच पॉलिनेशियाच्या सरकारशी करार केला, ताहितीच्या खाजणात सुरुवात करायची ठरली. स्थानिक लोकांनी विचारलं, आमच्या मासेमारीच्या जागेवर परदेशी श्रीमंतांना कर न देता राहायला जागा कशाला? २०१८ मध्ये ते बारगळलं.

२०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतपासून बारा सागरी मैलांहून थोडं पुढे एका जोडप्यासाठी तरंगती खोली उभारली गेली. समजूत अशी की बारा मैलांपलीकडे कुणाचं राज्य नाही. थायलंडने सार्वभौमत्वावर आघात म्हणून गुन्हा दाखल केला, ते दोघे निसटले, आणि नौदलाने ती खोली ओढून किनाऱ्याला आणली.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १९८२च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र. पण २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातसुद्धा कृत्रिम बेट बांधायचा किंवा बांधू द्यायचा हक्क किनाऱ्याच्या देशाचाच. कलम ६० असंही सांगतं की कृत्रिम बेटाला बेटाचा दर्जा नाही, त्याला स्वतःचा प्रादेशिक समुद्र नाही. २०० मैलांपलीकडे बांधायला मोकळीक आहे, पण तिथे कुणालाही सार्वभौमत्व सांगता येत नाही. मग ते शहर कुठल्या तरी देशाचा झेंडा लावलेलं जहाज ठरणार आणि त्या देशाचे नियम लागणार.

शिवाय विमा. त्याच विचाराच्या लोकांनी २०२० मध्ये एक जुनं प्रवासी जहाज घेतलं, 'सातोशी' नाव दिलं, पनामाजवळ नांगरून त्यावर वस्ती करायची ठरवलं. पुरेसा विमा द्यायला कुणी तयार होईना. जहाज विकून टाकावं लागलं. ज्या घराचा विमा होत नाही त्यावर कुठली बँक कर्ज देणार? बुसानचं मला वेगळं वाटतं ते म्हणूनच. तिथे महापालिका आहे, सातबारा नसला तरी नोंद ठेवणारं कुणीतरी आहे.


उद्याची_वीट
शनिवार, दुपारी १:२०

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. (भाची नाही!) सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं, पण दर्याकाठ काका, मला वाद घालायचाय.

आपण 'जमेल का' विचारतो ते जमिनीवर उभं राहून. मालदीवच्या माणसाला तो पर्याय नाही. त्यांची ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे. माले शहरात श्वास घ्यायला जागा नाही. त्यांच्या सरकारने डच कंपनीबरोबर मालेपासून बोटीने दहा मिनिटांवर २०० हेक्टरच्या खाजणात तरंगतं शहर ठरवलंय, ५,००० घरं, २०,००० माणसं, मेंदूच्या आकाराच्या प्रवाळासारखी मांडणी. कून ओल्थुइस यांच्या 'वॉटरस्टुडिओ'ने काढलंय. प्रवाळांच्या कड्यांनी लाट आधीच अडवलेली आहे, म्हणजे तुमची आडोशाची अट तिथे निसर्गानेच पूर्ण केली.

आणि हे फक्त श्रीमंतांचं नाही. नायजेरियात लागोसच्या खाजणात माकोको ही कोळ्यांची वस्ती आहे, लाकडी खांबांवरची घरं, घरातून घरात होडीने जायचं. तिथे कुन्ले अदेयेमी यांनी २०१३ मध्ये तरंगती शाळा बांधली, प्लास्टिकच्या २५६ पिंपांवर, स्थानिक लाकडातून, तिकोनी तीन मजली. ती जून २०१६ मध्ये मोठ्या पावसात कोसळली, हे मला माहीत आहे. मी लपवत नाही. पण चुकलेल्या पहिल्या प्रयत्नावरून आपण विमान सोडून दिलं असतं का? मला वाटतं आपल्या पिढीला हे करावंच लागणार आहे. तेव्हा 'नाही जमणार' म्हणणाऱ्यांपेक्षा 'असं केलं तर जमेल' सांगणारे मोठे लोक आम्हाला हवे आहेत.


दर्याकाठ
शनिवार, दुपारी ३:१०

बाळ, प्रतिसाद फार आवडला. तुझं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून घेतलं.

मालदीवबद्दल तू म्हणतेस ते बरोबर, जागा तरंगायला योग्य आहे. फक्त एक जोड देतो. त्याच मालदीवने १९९७ पासून मालेशेजारी वाळूचा भराव टाकून 'हुलहुमाले' उभं केलं, समुद्रापासून सुमारे दोन मीटर उंच, आणि तिथे हजारो कुटुंबं राहायला गेलीसुद्धा. देशाला घाई होती तेव्हा त्याने वाळू निवडली, कारण वाळू कशी टाकायची आणि तिच्यावर कर्ज कसं मिळवायचं हे सगळ्यांना माहीत आहे. तरंगत्या वस्तीला हे ओळखीचं होणं अजून बाकी आहे.

माकोकोच्या शाळेचा आराखडा मला सुंदर वाटतो. पण मी असतो तर पहिला प्रश्न हा विचारला असता: पावसाळ्याआधी पिंपांच्या खाली शिरून दोऱ्या आणि जोड तपासायचं काम कुणाच्या नावावर होतं, आणि त्याला पगार कोण देत होतं?


मीटरभर_पाणी
शनिवार, सायंकाळी ६:४५

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे कुठलंही शहर दिसलं की माझा हात आधी नळाकडे जातो. बुसानच्या १२,००० माणसांचा ढोबळ हिशेब मांडला.

आपल्या शहरांसाठीचं प्रमाण माणशी १३५ लिटर. म्हणजे दिवसाला १६ लाख २० हजार लिटर, १,६२० घनमीटर. पावसाचं धरू: बुसानला वर्षाला साधारण दीड मीटर पाऊस. ६.३ हेक्टरवरचा एकूण एक थेंब पकडला तरी साडेचौऱ्याण्णव हजार घनमीटर, आणि वर्षाची गरज जवळजवळ सहा लाख. म्हणजे सहावा हिस्सा. बाकीचं सांडपाणी शुद्ध करून परत वापरायचं, नाहीतर समुद्राचं गोडं करायचं, नाहीतर पुलावरून पाइप आणायचा.

सगळं समुद्राचंच गोडं करायचं म्हटलं तर रिव्हर्स ऑस्मोसिसला घनमीटरमागे तीन ते चार युनिट वीज. दिवसाला साडेपाच-सहा हजार युनिट. एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला चार युनिट देतं असं उदारपणे धरलं तर १,४०० किलोवॉट लागतील, त्याला दहा हजार चौरस मीटरच्या आसपास जागा. शहराच्या सहाव्या हिश्श्यावर फक्त पाण्यासाठी पॅनेल. लिफ्ट, स्वयंपाक, हीटर, दिवे यांची वीज अजून मोजलीच नाही.

मला यात सगळ्यात कठीण वाटतं ते वेगळंच. गोडं पाणी काढल्यावर जे दाट खारट पाणी उरतं ते गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतं. खुल्या समुद्रात ते पांगतं. पण आपण सगळे म्हणतोय की वस्ती आडोशाला हवी. आडोसा म्हणजे साचलेलं पाणी. लाटेपासून वाचवणारी भिंतच तुमची घाण तुमच्या खिडकीखाली अडवून ठेवते. त्यावर बेटांची सावली, म्हणजे खाली प्राणवायू कमी. खूप लांब पाइप टाकून बाहेर सोडावं लागेल, आणि तो पाइपही परत समुद्राच्या तळाशीच.

मी विरोधक नाही. हिशेब मांडला की कुठे पैसा ओतायचा ते कळतं, इतकंच.


खाडीची_लेक
रविवार, सकाळी ११:००

मी कोळीवाड्यातली. मुंबईतल्याच एका खाडीवर आमचं घर. बहुतेक वेळ वाचतेच फक्त, आज लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे मोठ्या शहरांबद्दल बोलताय. आमच्याकडे पावसाळ्यात काय होतं ते सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी बोटी वर ओढायच्या, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, भेगा भरायच्या, रंग लावायचा, वर ताडपत्री टाकून शाकारायच्या. आजोबांच्या वेळी माडाचे झाप असायचे. बाबा म्हणायचे, बोट आठ महिने आपल्याला पोसते, मग आपण तिला पोसायचं. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. म्हणजे आमच्यासारख्या पाण्यावर जगणाऱ्यांनीसुद्धा पावसाळ्यात पाण्यावर राहायचा हट्ट कधी केला नाही. जे शहर तरंगतं त्याला वर ओढून शाकारणार कुठे? दर्याकाठ दादांनी विचारलंय बुडाखाली कोण जाणार, आमच्याकडे त्याचं उत्तर होतं, सगळं घर जायचं. मी स्वतः सुट्टीत खरवडायला बसलेय, हाताची सालं निघतात.

आणि दुसरं. ताहितीच्या लोकांनी जे विचारलं ते मलाही विचारायचंय. खाडीत, आडोशाला, शांत पाणी जिथे आहे तिथेच आमची डोल जाळी, म्हणजे एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी, लागतात. तीच जागा सगळ्यांना हवी असते. आमच्या खाडीत एका कामासाठी भराव पडला, आम्हाला सांगितलं होतं पाण्याची वाट मोकळी राहील. राहिली नाही. आता बोट बाहेर काढायला भरतीची वाट बघावी लागते. तरंगतं म्हणजे भराव नाही, हे मला पटतं, चांगलंच आहे. पण नांगराच्या साखळ्या तळाशी पसरणार, त्यात जाळी फाटणार. आधी येऊन विचारा, एवढंच.


भाची_तिसरं_वर्ष (नवीन सदस्य)
रविवार, रात्री ८:२०

मामाने धाग्याची लिंक पाठवली, रात्री जागून वाचला. सगळ्यांचे खूप आभार. मी ते चित्र पाठवलं तेव्हा मला फक्त ते सुंदर दिसलं होतं.

या सत्राच्या स्टुडिओसाठी मी मुंबईत १०,००० माणसांचं तरंगतं शहर घेतलं होतं. आज दुपारी बाईंना विचारून विषय लहान केला. मला आता एकच तरंगता धक्का काढायचाय: जाळी विणायला सावली, मासळी उतरवायला जागा, बर्फाची खोली, आणि खालचे पोंटून एकेक करून सोडवून वर ओढता येतील असे. मावशींनी सांगितलं तसं वर्षातून एकदा खरवडायला. उद्याची_वीट, तुलाही यात यायचं असेल तर सांग, आपण दोघी करू.

एक अडलंय. बुसानला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम सव्वा मीटर आहे. मुंबईत उधाणाला भरतीचं पाणी पाच मीटरच्या आसपास जातं. धक्क्यावर यायचा पूल चार मीटर जरी खाली उतरला तरी बाराला एक उतार ठेवायचा तर पूल पन्नास मीटरचा होतो. डोक्यावर टोपली घेऊन त्याहून उभा उतार चढता येईल असं मला वाटत नाही. खाडीची_लेक मावशी, तुमच्याकडे ओहोटीला धक्क्याशी पाणी किती उरतं?


खाडीची_लेक
रविवार, रात्री ९:०५

बाय, भांगाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत, कमरेएवढं असतं. उधाणाच्या ओहोटीला पाणी नसतंच, नुसता चिखल. तुझा धक्का तेव्हा चिखलावर बसेल, आणि खाली दगड असला तर एका बाजूला कलून बसेल. ते कागदावरून कळायचं नाही. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ये, संध्याकाळी सहाच्या सुमारास, तेव्हा सगळं उघडं पडतं. बूट घालून येऊ नकोस, चिखलात राहतात. मामालाही आण.


दर्याकाठ
रविवार, रात्री ९:२०

येतो. येताना मोजायची दोरी आणि शिसं घेऊन येतो.